घरी निमखाऱ्या पाण्याचा टँक लावायचाय? आधी मासा ठरवा, मग मीठ

काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून हिरवा ठिपकेवाला पफर आणला होता, जेमतेम दीड इंचाचा, डोळे गरागरा फिरवत काचेवर येऊन आपल्याकडेच बघणारा. दुकानदार म्हणाला गोड्या पाण्यातलाच आहे, बिनधास्त टाका. टाकला. पहिल्या आठवड्यात त्याने गप्पींच्या शेपट्या कुरतडल्या म्हणून वेगळा ठेवला, मग दोन-तीन महिने बरा होता आणि नंतर हळूहळू पोट काळं पडत गेलं, खाणं कमी झालं, चौथ्या महिन्यात गेला. मी औषधं बदलत बसलो, पाणी बदलत बसलो, पण त्याला आजार नव्हताच, पाणीच चुकीचं होतं. हा मासा लहानपणी खाडीच्या आतल्या बाजूला, कमी खारट पाण्यात असतो आणि वाढत जाईल तसं त्याला मीठ जास्त लागतं, मोठा झाला की जवळजवळ समुद्राचंच पाणी. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही म्हणून हा लेख एवढा सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे दुकानात गोड्या पाण्यात पोहत असलेले बरेच मासे खरे तर खाडीतले असतात. पफर, स्कॅट, मोनो, आर्चर, बंबलबी गोबी, हे सगळे. गोड्या पाण्यात ते लगेच मरत नाहीत, हाच घोटाळा आहे, काही महिने काढतात आणि मग आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. उलट केरळातल्या नद्यांमधला तो इवलासा पी पफर मात्र पूर्ण गोड्या पाण्यातला आहे, त्याला पफर आहे म्हणून मीठ टाकू नका.

निमखारं म्हणजे नक्की किती खारं

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. गोडं पाणी म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आत. ह्या दोघांच्या मधलं सगळं निमखारं, म्हणजे हा एक आकडा नाही, केवढा मोठा पट्टा आहे बघा. खाडीत तर हा आकडा दिवसातून भरती-ओहोटीला बदलतो आणि वर्षभरात पावसाने बदलतो, गोव्यात मांडवी-झुआरीच्या खाड्यांमध्ये मे महिन्यात मुखाजवळ समुद्राइतकं खारट पाणी असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये वरचा थर जवळपास गोडा होतो. त्यामुळे खाडीचा मासा बदल सहन करणारा असतो, पण आपल्या फिल्टरमधले बॅक्टेरिया तेवढे सोशिक नसतात, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मासे पाळणारे लोक हे खारटपण स्पेसिफिक ग्रॅव्हिटीत म्हणजे एसजीमध्ये मोजतात. गोडं पाणी १.०००, समुद्र साधारण १.०२५ ते १.०२६. आपलं घरगुती निमखारं म्हणजे १.००३ पासून १.०१५ पर्यंत. ढोबळ हिशोब असा की १.००५ ला लिटरमागे ७ ग्रॅम क्षार, १.०१० ला साडेतेरा, १.०१५ ला २० च्या आसपास. मरीन सॉल्टमध्ये, म्हणजे समुद्राचं पाणी बनवायला दुकानात मिळणाऱ्या मिठात, थोडा ओलावा धरलेला असतो म्हणून प्रत्यक्षात वजन करताना ह्याच्यापेक्षा किंचित जास्त घ्यावं लागतं, १.००५ साठी लिटरला साडेसात ग्रॅम धरा.

मासा कोणता

इथे घाई करू नका. कारण टँकचा साईज, मिठाचं प्रमाण, झाडं लावता येतील की नाही, खर्च, सगळं माशावर ठरतं. लोक आधी टँक आणतात, मीठ टाकतात आणि मग दुकानात जाऊन "ह्यात काय चालेल" विचारतात, तिथेच गाडी चुकते.

कमी खारट, म्हणजे १.००३ ते १.००६ मध्ये राहणारे मासे नवीन माणसाला सगळ्यात सोपे. ह्यात माझा सगळ्यात आवडता ऑरेंज क्रोमाईड. हा आपल्याच द्वीपकल्पाचा मासा, दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या खाड्या-बॅकवॉटरमधला, आठ सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, पिवळा-नारिंगी अंगावर लालसर ठिपक्यांच्या रांगा, आणि सिक्लिड, म्हणजे भांडखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळातला, असूनही स्वभावाने बराच शांत. गोव्यात आणि सिंधुदुर्गात ताटात येणारा कालुंदर, म्हणजेच केरळचा करीमीन, हा ह्याचा मोठा भाऊबंद. पण कालुंदर सहज वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, त्यामुळे तीन फुटी टँकमध्ये त्याचं पिल्लू गोंडस दिसलं तरी आणू नका. ह्या दोघांचं नातंही भारी आहे, खाडीत ऑरेंज क्रोमाईड कालुंदरच्या अंगावरची घाण-बुरशी टिपून साफ करतो आणि संधी मिळाली तर त्याचीच अंडी पण खातो.

त्याच पाण्यात मॉली मस्त राहते. मुंबई-ठाण्याचं नळाचं पाणी बऱ्यापैकी सॉफ्ट, म्हणजे कमी क्षारांचं आहे, त्यात मॉली आणली की बऱ्याच जणांकडे ती जागच्या जागी थरथरायला लागते आणि मरते, तीच मॉली निमखाऱ्या पाण्यात टाका, बघा कशी टवटवीत होते. बंबलबी गोबी पण ह्याच गटातली, इंचभराची, काळे-पिवळे पट्टे, पण तिला फ्लेक्स-गोळ्या चालत नाहीत, हलणारं खाणं लागतं, आणि मोठ्या माशांबरोबर ती उपाशी राहते, म्हणून तिच्यासाठी वेगळा छोटा टँकच बरा. फिगर एट पफर पण १.००५ च्या आसपास छान राहतो, आठ सेंटिमीटरपर्यंतच वाढतो, मात्र त्याला एकट्याला ठेवायची तयारी हवी.

जास्त खारट गटात आर्चर, स्कॅट, मोनो आणि हिरवा ठिपकेवाला पफर. स्कॅट पंचवीस-तीस सेंटिमीटरचा होतो, मोनोला झुंड लागते, आर्चरला पाण्याच्या वर जागा लागते कारण तो तोंडातून पाण्याची पिचकारी मारून पानावरचा किडा पाडतो. हे सगळे पाच-सहा फुटी टँकचे मासे आहेत आणि मोठेपणी त्यातल्या स्कॅट-मोनोला जवळपास समुद्राचं पाणी द्यावं लागतं. पहिला टँक ह्यांचा करू नका एवढंच सांगतो.

आणि निवट्या, म्हणजे ओहोटीला खाडीच्या चिखलावर येणारे ते मासे. ठाणे, उरण, पनवेलकडचे लोक हा प्रश्न हमखास विचारतात की चिखलात इतक्या निवट्या असतात, दोन आणून ठेवल्या तर? नका आणू. आपल्या खाडीतली मोठी निवटी ओहोटीला चिखलावर येऊन तोंड घासत घासत चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ खाते, दिवसभर तेच चालू असतं. काचेच्या पेटीत तिला तसा जिवंत चिखल आपण देऊ शकत नाही आणि ती समोर खाणं असून वाळत जाते. बघायच्या असतील तर ओहोटीला ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात जा, तिथे फळ्यांच्या वाटेवरून चालत तिवरांमध्ये मन भरून बघता येतात.

तर ह्या लेखात पुढे जो टँक लावतोय तो असा धरा: तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, त्यात सहा ऑरेंज क्रोमाईड, पाच-सहा मॉली आणि काही नेराईट गोगलगायी, एसजी १.००५.

टँक आणि जागा

तीन बाय दीड बाय दीडचा टँक पूर्ण भरला तर १८० लिटरच्या आसपास, पण वाळू, दगड, वरची मोकळी जागा वजा करता खरं पाणी १५० लिटर मावतं. काच, पाणी, वाळू, स्टँड मिळून सव्वादोनशे किलोच्या वर वजन जातं, त्यामुळे तो भिंतीलगत ठेवा, खोलीच्या मध्यावर नको, आणि खाली लेव्हल बघून थर्माकोल किंवा फोमची शीट घाला. काच ८ मिमी चालते, मी १० घेतली कारण घरात लहान मूल आहे.

लोखंडी स्टँड असेल तर पावडर कोटिंग करून घ्या. निमखाऱ्या पाण्याचे थेंब उडतात, सुकतात, मिठाची पांढरी पापुद्र्यासारखी कड धरते आणि एका पावसाळ्यात साधा पेंट सोलून गंज येतो. तेच प्लगचं. मिठाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे ज्या सॉकेटवर टँकची उपकरणं आहेत त्याला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) असलीच पाहिजे, नसेल तर टँक भरायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब खालीच पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. टँकमध्ये हात घालण्याआधी हीटर आणि पंप बंद, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. वर काचेचं झाकण हवं, मॉली उड्या मारते आणि पाणीही कमी उडतं.

फिल्टर थोडा मोठाच घ्या. मी हँग-ऑन (टँकच्या कडेला टांगायचा) वापरून बघितला, आता कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा) वापरतो, पण दोन मोठे स्पंज फिल्टर आणि चांगला एअर पंप एवढ्यावरही हा टँक व्यवस्थित चालतो आणि लाईट गेली की स्पंजला बॅटरीवरचा एअर पंप जोडता येतो हा मोठा फायदा. कोकणात पावसाळ्यात लाईट किती जाते ते सांगायला नको. हीटर पुणे-नाशिकच्या थंडीत लागेल, मुंबईत क्वचितच. २६ ते २८ डिग्री ठेवा, ३० पर्यंत हे मासे सहन करतात.

वाळू, दगड आणि जे किनाऱ्यावरून उचलायचं नाही

निमखाऱ्या टँकमध्ये पीएच ७.८ ते ८.३ आणि केएच (पीएच घसरू न देणाऱ्या कार्बोनेटचं माप) ८ डिग्रीच्या वर हवा. त्यासाठी तळाला चुन्याचा अंश असलेलं काहीतरी हवं. अॅरागोनाईट वाळू उत्तम पण महाग. माझा स्वस्त उपाय म्हणजे पोल्ट्री फीडच्या दुकानात मिळणारी शिंपल्याची भरड, शेल ग्रिट म्हणून मागा, कोंबड्यांना अंड्याच्या कवचासाठी देतात ती. पाच-सहा पाण्याने धुतली की धूळ जाते. मी सिलिका फिल्टर सँडमध्ये चौथा हिस्सा ही भरड मिसळतो आणि थोडी जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये पण ठेवतो. बांधकामाची वाळू नको, माती कधी संपतच नाही.

किनाऱ्यावरून कोरलचे तुकडे उचलून आणू नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळ्यात वरच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, मालवणला वाळूवर पडलेला मेलेला तुकडा दिसला तरी तिथेच राहू द्या. तिवरांच्या फांद्या-मुळ्या आणायचा मोह पण आवरा, २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने राज्यभर तिवरतोडीवर बंदी घालणारा निकाल दिलाय आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती माशांच्या पिल्लांची जागा आहे. खाडीचा लुक हवा तर दुकानातल्या ड्रिफ्टवूडच्या बारीक फांद्या उभ्या-तिरप्या लावा, वरून खाली येणाऱ्या, अगदी कांदळाच्या मुळांसारख्या दिसतात.

मीठ: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

रिफ टँकवाले, म्हणजे समुद्री प्रवाळ पाळणारे, वापरतात तेच मरीन सॉल्ट घ्यायचं. घरातलं मीठ नाही, "अॅक्वेरियम सॉल्ट" लिहिलेलं पाकीटही नाही, ते नुसतं सोडियम क्लोराईड असतं.

मला एकाने विचारलेलं की मिठागराचं खडे मीठ तर समुद्राच्याच पाण्याचं ना, मग ते का नाही चालणार? चांगला प्रश्न आहे. मिठागरात समुद्राचं पाणी उन्हात आटवत नेतात, त्यातलं कॅल्शियम आधीच्या खाचरांमध्येच खाली बसतं, मग सोडियम क्लोराईडचे खडे धरतात आणि मॅग्नेशियमचे कडवट क्षार उरलेल्या पाण्यात राहतात जे काढून टाकलं जातं. म्हणजे खडे मिठात समुद्रातलं फक्त खारटपण आलं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट मागेच राहिलं. आणि आपल्याला टँकमध्ये पीएच स्थिर ठेवायला तेच तर हवंय.

खाडीचं किंवा समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचंही डोक्यातून काढा, शहराजवळच्या पाण्यात सांडपाणी, तेल काय काय असतं आणि लांबून आणलं तरी वाटेत बंद कॅनमध्ये त्यातले जीव मरून पाणी नासतं.

आता हिशोब. १५० लिटरला साडेसात ग्रॅमने सव्वा अकराशे ग्रॅम, म्हणजे पहिल्यांदा एक किलो शंभर-सव्वाशे ग्रॅम मीठ. नंतर दर आठवड्याला ३० लिटर बदललं तर सव्वादोनशे ग्रॅम. चार किलोची बादली पहिल्या भरण्यासकट तीन-साडेतीन महिने पुरते, रिफ टँकच्या मानाने हा खर्च काहीच नाही. बादलीचं झाकण घट्ट लावा, आपल्या दमट हवेत ओपन राहिली तर आठवड्यात दगड होतो.

पहिल्यांदा भरताना टँकमध्ये जीव नसतो तेव्हा मीठ थेट टँकमध्ये विरघळवलं तरी चालेल. त्यानंतर कधीही नाही. नेहमी वेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये आधी पाणी, त्यात क्लोरीन काढायचं लिक्विड, मग मीठ वजन करून हळूहळू, एअर स्टोन सोडून रात्रभर फिरू द्या, सकाळी पाणी स्वच्छ दिसलं की मोजा. चमच्याने, मुठीने, अंदाजाने मीठ टाकू नका, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पाण्याच्या एका थेंबावरून खारटपण दाखवणारं छोटं उपकरण. स्वस्त प्लास्टिकचा, आत काटा फिरणारा हायड्रोमीटर मी वर्षभर वापरला, काट्याला एक बारीक बुडबुडा चिकटला तरी रीडिंग चुकतं आणि आपल्या कामात १.००३ आणि १.००६ मधला फरक मोठा आहे. रिफ्रॅक्टोमीटर दर महिन्याला शून्यावर सेट करावा लागतो, त्यासाठी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं, दोन थेंबच लागतात.

पाण्याबद्दल एक चांगली बातमी मराठवाडा आणि विदर्भातल्या लोकांना. तुमचं जड बोअरचं पाणी, ज्यात डिस्कस आणि टेट्रा धड राहत नाहीत, ते ह्या टँकला उलट उपयोगी आहे, केएच आयताच मिळतो. फक्त शेताजवळची बोअर असेल तर नायट्रेट आधी टेस्ट करा, खतांमुळे जास्त निघू शकतं.

सायकल, म्हणजे सहा आठवड्यांचा धीर

माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट करतात, दुसरे नायट्राईटचं नायट्रेट. ह्यालाच सायकल म्हणतात, आणि हे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे जातात. गोड्या टँकवाले बरेच जण हा टप्पा टाळतात आणि कसंबसं निभतंही, पण इथे निभणार नाही आणि त्याचं कारण पीएच. पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ ला एक टक्क्याच्याही आत असतो, तोच पीएच ८.२ आणि २८ डिग्रीला जवळपास दहावा हिस्सा विषारी असतो. म्हणजे टेस्ट किटवर आकडा तोच दिसतो पण मासा कितीतरी जास्त भाजला जातो.

माझी पद्धत अशी. टँक १.००२ वर सुरू करायचा, म्हणजे सुरुवातीला सव्वा अकराशेतलं साडेचारशे ग्रॅमच मीठ. कुणाच्या चालू, निरोगी गोड्या टँकमधला जुना स्पंज मिळाला तर आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते कुजून अमोनिया देतं. दर तीन-चार दिवसांनी अमोनिया आणि नायट्राईट टेस्ट. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राईट चढतं, मग तेही शून्यावर येतं. दोन्ही सलग आठवडाभर शून्य राहिले की मीठ वाढवायचं, एका आठवड्यात ०.००२ पेक्षा जास्त नाही, कारण वर म्हटलं तसं मासे सोसतात पण बॅक्टेरियांना वेळ लागतो. एका झटक्यात १.००० वरून १.००५ केलं तर सायकल कोसळू शकते आणि परत पहिल्यापासून. टेस्ट किट घेताना खारट पाण्यालाही चालतं ना ते बघा, काही किटमध्ये त्यासाठी रंगांचा वेगळा तक्ता असतो.

मासे सोडणं

दुकानात ते गोड्या पाण्यात असतील हे धरूनच चला आणि विचारा. शक्य असेल तर रिफ्रॅक्टोमीटर खिशात घेऊन जा, दुकानातल्या टँकचा एक थेंब घ्या, मी नेहमी घेतो. सरळ आणून १.००५ मध्ये ओतू नका. एक साधा टब, त्यात स्पंज फिल्टर, दुकानाइतकंच पाणी, तिथे मासे दोन आठवडे ठेवा, रोग असेल तर दिसेल आणि त्याच काळात दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं खारं पाणी घालत टँकच्या बरोबरीला आणा. मग एअर पंपाच्या बारीक नळीने टबात टँकचं पाणी थेंब थेंब सोडत तासाभरात टँकमध्ये. क्रोमाईड सहाच्या सहा एकाच वेळी सोडा, एक-एक करून सोडले तर आधीचा नंतरच्याला मारतो. मॉली पंधरा दिवसांनी.

नेराईट गोगलगायी शेवाळ खायला उत्तम. काचेवर, लाकडावर पांढरे तिळासारखे ठिपके चिकटवतात, ती त्यांची अंडी, पण पिल्लांचा ढीग होईल ही भीती नको, त्यातून निघालेली पिल्लं टँकमध्ये जगत नाहीत. फक्त ह्या टँकमध्ये तांब्याचं औषध कधी घालू नका, गोगलगायी मरतील. तसंही गोड्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मिठामुळे इथे फारसा त्रास देत नाही.

झाडं

१.००५ पर्यंत जावा फर्न, अनुबियस, जावा मॉस आणि वॅलिसनेरिया टिकतात, सुरुवातीला पानं गळतील, मुळं-कंद धरून ठेवा, नवीन पानं येतात. त्याच्या पुढे नाद सोडा.

खारं पाणी उडत नाही, गोडं उडतं

हा सगळ्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे म्हणून नीट वाचा. टँकमधलं पाणी वाफ होऊन कमी होतं तेव्हा फक्त पाणी जातं, मीठ तिथेच राहतं. म्हणजे पातळी कमी झाली की उरलेलं पाणी जास्त खारट झालेलं असतं. त्यामुळे पातळी भरायची ती नेहमी साध्या, क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्याने. आणि पाणी बदलायचं, म्हणजे टँकमधून काढून नवीन घालायचं, ते नेहमी १.००५ च्या पाण्याने, कारण काढलेल्या पाण्याबरोबर मीठही गेलेलं असतं. ही दोन वेगळी कामं आहेत, ती मिसळू नका.

मी मिसळली होती. पहिल्या उन्हाळ्यात टँकवर पंखा लावला, पंख्याने पाणी दोन-तीन डिग्री थंड राहतं पण वाफ प्रचंड होते, आणि मी रोज ड्रममधलं तयार खारं पाणीच वरून घालत होतो, तेव्हा पाणी बदलणंही महिन्यातून एकदाच. दोन महिन्यांनी मोजलं तर १.००५ चं १.००८ झालेलं, झाडं विरघळली आणि क्रोमाईडची एक जोडी अंडी देत होती ती थांबली. उतरवतानाही घाई केली नाही, महिना घेतला. तेव्हापासून मागच्या काचेवर पाण्याच्या पातळीला लाल चिकटपट्टी लावलीय, पातळी पट्टीच्या खाली गेली की गोडं पाणी पट्टीपर्यंत, विषय संपला.

बाकी आठवड्याचं काम अर्ध्या तासाचं. वीस टक्के पाणी बदल, आधी रीडिंग, मग नवीन पाण्याचं रीडिंग, मग घालायचं. नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली, वीसच्या खाली असेल तर उत्तम. झाकणावर आणि वायरवर आलेलं मीठ ओल्या फडक्याने पुसायचं. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही. आणि गोड्या टँकचं पाणी आपण कुंड्यांना घालतो ना, ती सवय इथे मोडा, हे पाणी मोरीतच जाऊ द्या, माझ्या आईचा मोगरा त्यात गेला.

खाणं आणि पिल्लं

क्रोमाईड सगळं खातात, चांगल्या गोळ्या, आठवड्यातून दोनदा फ्रोझन आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा ब्लडवर्म (लाल अळ्या). मॉलीला हिरवं हवं, स्पिरुलिना किंवा उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान दगडाखाली दाबून ठेवा. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

सगळं जमलं तर क्रोमाईड जोडी लावतात. एखादा सपाट दगड किंवा कुंडीचा तुकडा दोघं मिळून साफ करतात, अंडी त्यावर चिकटवतात आणि आळीपाळीने पंखाने वारा घालत बसतात. तेव्हा मॉलींना ते कोपऱ्यात दाबतात, घाबरू नका, मध्ये लाकूड असेल तर निभतं. पिल्लं पोहायला लागली की आईबापाच्या अंगाला जाऊन अंगावरचा चिकट थर टिपून खातात, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं पिल्लं त्यांना चावताहेत, नंतर कळलं की ते त्यांना भरवणंच आहे. त्यावेळी आईबापांपासून पिल्लं वेगळी करू नका, आणि जास्त झाली तर खाडीत नेऊन सोडू नका, मॉली तर मुळीच नाही, ती आपल्याकडची नाहीच. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

गावाला जाताना

गणपतीत आम्ही आठ दिवस गावी असतो. जायच्या आदल्या दिवशी पाणी बदलायचं, आणि एवढे दिवस मोठे मासे उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही, ते टँकमध्ये टाकायचे सुट्टीतले फूड ब्लॉक तर नकोच, विरघळून पाणी खराब करतात. लाईट टायमरवर सहा-सात तास. शेजारच्या काकूंकडे किल्ली देतो आणि साध्या पाण्याच्या, क्लोरीन काढायचं लिक्विड आधीच घातलेल्या दोन कॅन टँकशेजारी ठेवतो, मिठाची बादली आणि खाऱ्या पाण्याचा ड्रम मात्र बाल्कनीत नेऊन ठेवतो म्हणजे गोंधळच नको. त्यांना एवढंच सांगितलेलं असतं की काकू, पाणी लाल पट्टीच्या खाली दिसलं तर कॅनमधलं पट्टीपर्यंत भरा, खायला काही घालू नका आणि पंप बंद पडून बुडबुडे थांबले तर मला लगेच फोन करा.